इंग्रजी फ्रेझल व्हर्ब आणि वाक्प्रचार रशियनमध्ये कसे उतरवावेत

6 मार्च 2009 रोजी जिनिव्हात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांना एक लाल बटण भेट दिले. बिघडलेले संबंध पुन्हा नव्याने सुरू करू, ‘रीसेट’ करू, असा त्यामागचा भाव. बटणावर रशियन शब्द छापला होता ‘पेरेग्रूज्का’. हवा होता ‘पेरेजाग्रूज्का’. मधला ‘जा’ गळला आणि ‘नव्याने सुरू करणे’चे ‘प्रमाणाबाहेर भार टाकणे’ झाले. लावरोव यांनी कॅमेऱ्यांसमोरच चूक दाखवली.

इंग्रजी क्रियापदामागे अप, ऑफ, आउट लागले की अर्थ बदलतो. अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. रशियनमध्ये हेच काम क्रियापदाच्या पुढे चिकटलेले एक-दोन अक्षरांचे उपसर्ग करतात. त्यामुळे या अनुवादातली बहुतेक मेहनत उपसर्ग नेमका निवडण्यात जाते, शब्दकोश चाळण्यात नाही.

पुढे रशियन शब्द साधारण स्पेलिंगप्रमाणे दिले आहेत. त्यांतला ‘ज’ जहाजातला आहे. ‘झ’ हा जीभ किंचित मागे नेऊन म्हणायचा वेगळा आवाज आहे.

आधी ओळखा

वाक्यातले फ्रेझल व्हर्ब दिसलेच नाही तर पुढचे सगळे फुकट. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ कागदावर सारखीच दिसतात. पहिल्यात ‘अप’ ही नुसती दिशा आहे: व्ज्बेझाल ना खोल्म, टेकडीवर धावत चढला. दुसऱ्यात ‘रॅन अप’ हे एकच क्रियापद आहे, उधारी करून ठेवण्याचे: नादेलाल दोल्गोव. ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘अप द हिल ही रॅन’ असे उलटे म्हणून पाहा. टेकडीचे वाक्य चालते, बिलाचे चालत नाही. चालले नाही की समजावे, हा तुकडा क्रियापदाचाच आहे.

लांब वाक्यात क्रियापद आणि त्याची शेपटी यांच्यात पाच-सहा शब्द येऊन बसतात. ‘टर्न’ वाचून लगेच अनुवादाला लागू नका. शेवटी ‘ऑफ’ आहे की ‘ऑन’ ते पाहून मगच हात घाला. रशियनमध्ये हा फरक एका स्वराचा आहे: व्क्ल्युचित् म्हणजे चालू करणे, वीक्ल्युचित् म्हणजे बंद करणे.

अर्थ मराठीत सांगा, शब्द नव्हे

‘गिव्ह अप’ घ्या. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘स्दात्स्या’ सापडते आणि शिकाऊ अनुवादक तेच सगळीकडे लावतो. पण स्दात्स्या म्हणजे हार मानणे, शरण जाणे. सिगारेट सोडायची असेल तर ब्रोसित् कुरीत्, शब्दशः ‘ओढणे टाकून देणे’. बसमध्ये आजींना जागा द्यायची असेल तर उस्तुपित् मेस्तो. हक्क सोडायचा असेल तर ओत्काजात्स्या, त्यापुढे ‘ओत’ आणि षष्ठी. आणि एखाद्या वाया गेलेल्या पोराबद्दल ‘दे गेव्ह अप ऑन हिम’ असेल तर माख्नुली ना नेगो रुकोय, म्हणजे त्याच्याकडे पाहून हात झटकला. मराठीत आपण अशा वेळी हात टेकतो. हात तोच, फक्त हालचाल वेगळी.

पाच वाक्ये, पाच क्रियापदे. इंग्रजी सारखे आहे म्हणून रशियनही सारखे ठेवू पाहणारा इथेच फसतो. वाक्य आधी मनातल्या मनात मराठीत सांगावे: हार मानली, सोडली, जागा दिली, हक्क सोडला, हात टेकले. मराठी वेगळी झाली की रशियनही बहुधा वेगळी होणार.

उपसर्ग एका क्रियापदावर घोटून घ्या

उपसर्गांचे तक्ते पाठ करून फार उपयोग होत नाही. एक क्रियापद घ्या आणि त्याला सगळे उपसर्ग लावून पाहा. पिसात् म्हणजे लिहिणे. जापिसात्: लिहून घेणे, इंग्रजीतले ‘राइट डाउन’. पेरेपिसात्: पुन्हा लिहिणे. वीपिसात्: उतरवून काढणे, पावती किंवा चेक फाडणे. दोपिसात्: उरलेले लिहून संपवणे. पोद्पिसात्: सही करणे. ओपिसात्: वर्णन करणे. स्पिसात्ला मात्र जपावे. ‘राइट ऑफ द डेट’, कर्ज माफ करणे, यालाही तेच क्रियापद आणि परीक्षेत शेजाऱ्याची कॉपी मारण्यालाही तेच.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. लिहून घे, लिहून काढ, लिहून टाक, लिहून दे यांत आपण जे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, ते रशियन माणूस उपसर्गाकडून करून घेतो.

उपसर्ग लागला की पुढची विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय बरेचदा त्याच्याच मागून येते. ‘दो’ लागले की पुढेही ‘दो’ आणि षष्ठी, ‘ओत’ लागले की ‘ओत’ आणि षष्ठी, ‘वी’ लागले की ‘इज’ आणि षष्ठी, ‘पोद’ लागले की ‘क’ आणि चतुर्थी. ‘पेरे’नंतर ‘चेरेज’ आणि द्वितीया, किंवा नुसती द्वितीया. सगळी क्रियापदे हे पाळत नाहीत, पण प्रत्यक्ष हालचाल असेल तिथे नियम बऱ्यापैकी टिकतो.

मराठी कुठे तारते, कुठे बुडवते

‘वी रॅन आउट ऑफ शुगर’ या वाक्यात इंग्रजीत कर्ता ‘आम्ही’ आहे. रशियनमध्ये: उ नास कोन्चिल्स्या साखार. शब्दशः, आमच्याकडची साखर संपली. कर्ता साखर, आम्ही बाजूला. मराठीतून गेलात तर वाक्य आपोआप सरळ पडते. (साखार हा शब्दही मूळचा आपल्याच बाजूचा. प्राकृतातली सक्खरा ग्रीकांमार्फत तिकडे पोचली.) ‘आय ॲम फेड अप विथ हिम’चेही तसेच. ओन म्ने नादोएल, म्हणजे मला त्याचा वीट आला. इंग्रजीचा ‘आय’ पकडून ‘या’ने, म्हणजे रशियन ‘मी’ने, वाक्य सुरू केले की अडलेच.

हालचालीच्या क्रियापदांत मात्र मराठी खड्ड्यात घालते. ‘शी रॅन अक्रॉस द स्ट्रीट’ हे आपण ‘तिने पळत रस्ता ओलांडला’ असे म्हणतो. क्रियापद ओलांडण्याचे, पळणे बाजूला. रशियनमध्ये इंग्रजीसारखेच पळणे क्रियापदात आणि ओलांडणे उपसर्गात: ओना पेरेबेझाला उलित्सू. मराठी साच्यात रचलेले रशियन वाक्य समजते, पण चालताना पाय ओढल्यासारखे वाटते.

शिवाय इंग्रजी ज्याबद्दल मूग गिळून बसते ते रशियन विचारतेच: पायी की वाहनाने? ‘ड्रॉप इन’ म्हणजे जाता जाता डोकावणे. पायी असेल तर जाय्ती, गाडीने असेल तर जायेखात्. मूळ मजकुरात उत्तर नसेल तर प्रसंगावरून ठरवावे लागते. नायक शेजारच्या वाड्यातून येतोय की दुसऱ्या गावाहून, हे मागची दोन पाने उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही.

क्रिया पुरी की चालू

रशियन क्रियापदांची जोडी असते: क्रिया पार पडली सांगणारे एक, चालू किंवा पुनःपुन्हा घडणारी सांगणारे दुसरे. ‘पुट ऑफ’साठी ओत्लोझीत् आणि ओत्क्लादीवात्. सोमवारपर्यंत पुढे ढकलले तर पहिले, दरवेळी टाळत राहिला तर दुसरे. आपण ‘ढकलले’ आणि ‘ढकलत राहिला’ यांत हा फरक करतोच.

आज्ञार्थात सर्वाधिक चुका होतात. एकदाच लाइट बंद करायला सांगायचे तर वीक्ल्युची स्वेत. बंद करू नकोस म्हणायचे तर ने वीक्ल्युचाय. नकार आला की साधारणपणे चालू रूप येते. म्हणून ‘डोन्ट गिव्ह अप’ हे ने स्दावायस्या.

आता एक अख्खे वाक्य: ‘दे पुट द मीटिंग ऑफ ट्वाइस, अँड इन द एंड द बॉस कॉल्ड इट ऑफ.’ दोन्हीकडे ‘ऑफ’ आहे, पण पहिले पुढे ढकलणे आणि दुसरे रद्द करणे. ‘दे’ कोण, हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून रशियनमध्ये सर्वनाम गाळून क्रियापद अनेकवचनी ठेवायचे. बैठक नव्या तारखेला नेली असे धरले तर पेरेनेस्ती, आणि दोनदा घडले म्हणून त्याचे चालू रूप. रद्द एकदाच झाली, तिथे पुरे रूप. मिळून: सोब्रानिये द्वाझ्दी पेरेनोसिली, आ व इतोगे नाचाल्निक येगो ओत्मेनील. तारीख लिहायची असती तर आणखी एक फरक पडला असता: पेरेनेस्ती ‘ना’ मागते, ओत्लोझीत् ‘दो’.

वाक्प्रचार: प्राणी बदलतात

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ला मांजर-कुत्रे न्यायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असते. रशियनमध्ये ल्योत काक इज वेद्रा, बादलीतून ओतावे तसा. आपला मुसळधार. ‘पिग इन अ पोक’, म्हणजे न पाहता घेतलेला माल, तिथे पोत्यातले मांजर होते, कोत व मेश्के. एका दगडात दोन पक्षी मारण्याऐवजी एका गोळीत दोन ससे मारतात. बाजारात तुरी म्हणायच्या ठिकाणी ‘पिल्ले शरद ऋतूत मोजतात’ म्हणतात, त्सिप्ल्यात पो ओसेनि श्चितायुत.

अवघड ते जवळजवळ जुळणारे. ‘ब्लॅक शीप’ घराण्याला बट्टा लावणारा असेल तर पार्शिवाया ओव्त्सा, खरजुली मेंढी. पण तो नुसता चारचौघांपेक्षा वेगळा असेल तर बेलाया वोरोना, पांढरा कावळा. इथे चूक झाली तर सज्जन पात्र बदनाम होते. ‘लीड बाय द नोज’ म्हणजे दावणीला बांधल्यासारखे मुठीत ठेवणे. दिसायला तसेच असलेले वोदित् जा नोस म्हणजे झुलवत ठेवून फसवणे. आणि जबाबदारी झटकायला उमीत् रुकी म्हणतात, जेवणापूर्वीच्या हात धुण्याला पोमीत् रुकी. एक उपसर्ग, पुन्हा तेच.

पात्राच्या तोंडी काय शोभते तेही पाहावे. ‘कॅरिंग कोल्स टु न्यूकॅसल’ला, म्हणजे कोळशाच्या गावी कोळसा नेण्याला, रशियन जोड तयार आहे: स्वतःचा सामोवार, म्हणजे चहाचे पाणी उकळायचे भांडे, घेऊन ‘तुला’ शहरी जाणे. ‘तुला’ हे रशियातले सामोवारांचे गाव. पण लंडनच्या टॅक्सीवाल्याच्या तोंडी सामोवार घातला तर वाचक गोंधळेल. तिथे ‘नसता खटाटोप’ अशा अर्थाचे साधे वाक्य बरे. साध्या वाक्याची लाज बाळगू नये.

पायरीही सांभाळावी. ‘पास अवे’ला स्कोन्चात्स्या, आपल्याकडचे ‘निधन झाले’. ‘किक द बकेट’ला सिग्रात् व याश्चिक, आपले ‘गचकला’. शोकसंदेशात दुसरे गेले तर अनुवादक बदलतील.

शब्दशः अनुवाद नेहमीच चूक असतो असेही नाही. ‘स्केलेटन इन द क्लॉझेट’चे, म्हणजे घरातल्या झाकलेल्या गुपिताचे, स्केलेत व श्काफू रशियनमध्ये रुळून गेले आहे. उलट ‘नॉट माय कप ऑफ टी’मधला कप तसाच नेला की अनुवादाचा वास येतो. तिथे एतो ने मोयो, ‘हे माझं नव्हे’, पुरते. काय रुळले आहे हे अंदाजाने ठरवू नका. 2004 पासून खुल्या असलेल्या रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये, म्हणजे मजकुरांच्या शोधता येणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, वाक्प्रचार टाका आणि तो मूळ रशियन लेखनात येतो की फक्त अनुवादांत, ते पाहा. मुल्तित्रानसारख्या ऑनलाइन कोशात पर्यायांचा ढीग मिळतो. तो शोधायला चांगला, निवडायला नाही.

सर्वांत वैताग आणतो तो लेखकाचा श्लेष. पाऊस ‘कॅट्स अँड डॉग्ज’ पडतोय आणि पुढच्याच वाक्यात लेखक कुत्र्यावरून कोटी करतो. बादली आणली तर कुत्रा गेला. मग कुत्रा असलेला दुसरा रशियन वाक्प्रचार शोधायचा: व ताकुयू पोगोदू खोरोशी खोज्याइन सोबाकू इज दोमा ने वीगोनित. अशा हवेत भला मालक कुत्र्यालाही घराबाहेर काढत नाही. आता कुत्रा हजर आहे, कोटी त्याच्यावर बेतता येते. कोटी बसलीच नाही तर सोडून द्यावी आणि पानभर पुढे, रशियन जिथे आपसूक हसते तिथे भरून काढावी.