एकसर जोडणीतले व्होल्टेज ड्रॉप: या चुका टाळा

रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले असले की हिशेब सरळ असतो. सगळ्यांचे रोध मिळवायचे, बॅटरीच्या व्होल्टेजला त्या बेरजेने भागून करंट काढायचा आणि तो करंट प्रत्येकाच्या रोधाने गुणायचा. हे आलेले ड्रॉप, म्हणजे प्रत्येक रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज, मिळवले की बॅटरीचं व्होल्टेज परत हाती यायला हवं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफने १८४५ मध्ये मांडलेला नियम हाच. ही शेवटची बेरीज मात्र बरेच जण करतच नाहीत. खरं तर ती चुकली एवढंच कळतं असं नाही, कशी चुकली यावरून चूक कुठे आहे तेही कळतं.

समजा १२ व्होल्टवर १, २.२ आणि ४.७ किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत. एकूण रोध ७.९ किलोओहम, करंट १.५१९ मिलिअँपिअर. ड्रॉप येतात १.५२, ३.३४ आणि ७.१४ व्होल्ट. बेरीज १२.

तुमची बेरीज ३६ आली? मग तुम्ही प्रत्येकावर पूर्ण १२ व्होल्ट धरले, म्हणजे समांतर जोडणीचं गणित इथे लावलं. तसं केलं की पहिल्यातून १२ मिलिअँपिअर, दुसऱ्यातून साडेपाच आणि तिसऱ्यातून अडीच असे तीन वेगळे करंट निघतात. वाट एकच, मग मधला करंट गेला कुठे? एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी ही चूक जागीच सापडते.

बेरीज ११.८५ आली असेल तर करंट आधीच छाटून १.५ धरला गेला आहे. कॅल्क्युलेटरवरचे आकडे शेवटपर्यंत तसेच ठेवा, उत्तर लिहिताना काय ते छाटा.

ओहम आणि किलोओहमची सरमिसळ जास्त फसवी. ९ व्होल्टवर ४७० ओहम आणि १ किलोओहम असताना ४७० अधिक १ म्हणजे ४७१ केलं, तर ड्रॉप येतात ८.९८ आणि ०.०२. बेरीज चोख ९! खरी उत्तरं मात्र २.८८ आणि ६.१२. इथे बेरीज वाचवत नाही. मोठ्या रोधावर मोठा ड्रॉप आला का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

कागदावर सगळं जुळलं आणि मल्टिमीटर वेगळंच सांगतोय, असंही होतं. आधी बॅटरीचं व्होल्टेज सर्किट चालू असताना मोजा. वेष्टनावर छापलेला आकडा धरू नका. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा १ किलोओहमचा ९५० किंवा १०५० ओहमचा निघाला तरी तो खराब नाही.

रोध मेगओहममध्ये असतील तर मीटरवरही संशय घ्या. ९ व्होल्टवर १ मेगओहमचे दोन रेझिस्टर असतील तर प्रत्येकावर ४.५ व्होल्ट हवेत, पण आतला रोध १० मेगओहम असलेला मीटर लावला की ४.२९ दिसतं, कारण मीटर स्वतःच त्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो. दुसऱ्यावर नेला तरी तेच. दोन्ही वाचनं मिळवली तर जवळपास ०.४३ व्होल्ट गायब. सर्किट ठीकच असतं, मोजण्यानेच ते बदललेलं असतं.

एका रेझिस्टरवर जवळपास सगळं व्होल्टेज आणि बाकीच्यांवर शून्य दिसत असेल, तर तो रेझिस्टर किंवा त्याचा सोल्डर तुटला आहे. नवशिके इथे उलटं समजतात: ज्याच्यावर व्होल्टेज दिसतं तो चांगला, शून्यवाले खराब. करंटच वाहत नसेल तर चांगल्या रेझिस्टरवर ड्रॉप येणार कुठून? याउलट, एकट्यावर शून्य आणि बाकीच्यांवर हिशेबापेक्षा जास्त, तर तो शॉर्ट आहे, म्हणजे करंटला तिथे जवळपास रोधच लागत नाही.

व्होल्टेज मोजताना लाल प्रोब अँपिअरच्या खोबणीत राहिलेला नाही ना, हे मात्र दर वेळी बघा. राहिला असेल तर मीटर त्या रेझिस्टरला शॉर्ट करतो, आणि थेट बॅटरीवर लावलात तर फ्यूज उडतो. रोध मोजायचा असेल तर बॅटरी काढून.