क्रँक सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊ नका
गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की परत चालू होते आणि स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचायच्या यंत्रावर) पी ०३३५ येतो, तरी क्रँक सेन्सरच, म्हणजे इंजिनचा क्रँक कसा फिरतोय ते सांगणारा सेन्सरच, गेला असं धरू नका बरं का, हा कोड सर्किटचा आहे, त्यात वायर अन् कनेक्टर पण आले. आमच्या जालन्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कनेक्टरवर चढून वाळतो, आत पिना हिरव्या पडतात, उंदरानं कुरतडलेली वायर तर मी कितीदा पाहिली. म्हणून आधी तेच बघा, वायर हळूच हलवून बघा. दोन वायरचा सेन्सर असंल तर मीटर ओहमवर लावा, बहुतेक गाड्यांत काहीशे ते हजारेक ओहम येतात, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, पण थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, गरम असतानाच ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवलं तर आतली कॉइल तुटलीय. तीन वायरचा हॉल सेन्सर (हा दुसरा प्रकार, याला चालायला बाहेरून सप्लाय लागतो) ओहमवर मोजायचाच नाही, चावी ऑन करून त्याला ५ किंवा १२ व्होल्टचा सप्लाय येतोय का अन् अर्थिंगची वायर बरोबर आहे का ते बघायचं, सप्लायच नसंल तर नवा सेन्सर टाकून पैसे वायाच जातात. सेन्सर काढलाच तर टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पण पुसून घ्या.