ऑल-इन-वन प्रिंटरचा जुना ड्रायव्हर मुळापासून कसा काढावा

ऑल-इन-वन प्रिंटर दिसायला एकच यंत्र असला, तरी संगणकाच्या दृष्टीने ती एकाच पेटीत बसवलेली दोन आणि फॅक्सची सोय असल्यास तीन यंत्रे असतात. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला ते यंत्र चालवता यावे यासाठीचा प्रोग्रॅम. छपाईचा ड्रायव्हर वेगळा आणि स्कॅनरचा वेगळा असतो. म्हणूनच चाचणीचे पान छापून आले की जोडणी पूर्ण झाली, हा समज चुकीचा आहे. नवी विंडोज बसवल्यानंतर छपाई सुरळीत चालते आणि स्कॅनर मात्र सापडत नाही, तेव्हा ‘प्रिंटर काढून पुन्हा जोडा’ एवढाच सल्ला दिला जातो. तो अपुरा आहे आणि त्यापायी लोकांचा वेळ वाया जातो, याची मला चीड येते. पुढील पद्धत विंडोज १० आणि ११ साठी आहे.

पहिली पायरी: ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘अबाउट’ येथे ‘सिस्टिम टाइप’ पाहावा. ६४-बिट विंडोजला ६४-बिट ड्रायव्हरच लागतो आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. एआरएम प्रोसेसर (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा) असल्यास त्यासाठी बनवलेलाच ड्रायव्हर हवा. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’मुळे इन्स्टॉलर कदाचित सुरू होईल, पण ३२-बिट ड्रायव्हर त्यामुळे चालू लागत नाही.

दुसरी पायरी: यूएसबी केबल काढावी, उत्पादकाचे सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करावे आणि ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या यादीतून प्रिंटर काढावा.

तिसऱ्या पायरीवर बहुतेक जण फसतात, आणि मीही येथे दोन पूर्ण दिवस घालवले आहेत. यादीतून प्रिंटर काढल्याने फक्त त्याची नोंद जाते. ड्रायव्हरचे पॅकेज विंडोजच्या साठ्यात तसेच राहते आणि केबल जोडताच विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा बसवते. त्याच पानावरील ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘ड्रायव्हर्स’ या टॅबमध्ये आपले मॉडेल निवडावे आणि ‘रिमूव्ह’ दाबावे. दोन पर्याय समोर येतात. त्यांपैकी ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज दोन्ही काढण्याचा पर्यायच निवडावा. फक्त ड्रायव्हर काढला, तर सारे श्रम व्यर्थ जातात.

ड्रायव्हर वापरात असल्याचा संदेश आला, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) रीस्टार्ट करावा आणि लगेच, एकही पान छपाईला न पाठवता, पुन्हा ‘रिमूव्ह’ करावे. येथे मी केलेली चूक टाळावी: मी स्पूलर बंद करून तसाच ठेवला होता आणि ड्रायव्हरची यादी का दिसत नाही, हे शोधत बसलो होतो. ही यादी स्पूलरच पुरवतो. तो चालू असावाच लागतो. छपाईचे एखादे काम रांगेत अडकले असेल तरच स्पूलर थांबवावा, विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरमधील ‘स्पूल’ आणि त्यातील ‘प्रिंटर्स’ येथील फायली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला मात्र हात लावू नये.

एवढ्याने छपाईचा भाग साफ झाला, स्कॅनरचा अजून बाकी आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’च्या ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेली उपकरणे दाखवण्यास सांगावे. ‘इमेजिंग डिव्हाइसेस’खाली जुना स्कॅनर फिका दिसेल, त्याला अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढण्याची चौकट दिसल्यास तिच्यावर खूण करावी. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारी सशुल्क सॉफ्टवेअर या कामासाठी मुळीच घेऊ नयेत.

चौथी पायरी: संगणक रीस्टार्ट करून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील संपूर्ण पॅकेज बसवावे, केवळ छपाईपुरते ‘बेसिक’ पॅकेज घेऊ नये. इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल जोडावी, आणि तीही हबमधून न नेता थेट संगणकाला.

पाचवी पायरी: स्कॅनर उत्पादकाच्या प्रोग्रॅममधून न तपासता आधी ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’मधून तपासावा. तेथे पान आले, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि दोष प्रोग्रॅमचा आहे. केबल काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

वाय-फायवर प्रिंटर वारंवार ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्स’ पाहावे. तेथे डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर नेटवर्कवर आपोआप शोधणारी जोडणी) असेल, तर राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता कायम करून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडावा.

आपल्या विंडोजसाठी उत्पादकाने ड्रायव्हरच दिलेला नसेल, तर मूळ ड्रायव्हरमागे धावू नये. नेटवर्कला जोडता येणारा प्रिंटर मोप्रिया (अनेक उत्पादकांच्या प्रिंटरांसाठीचे सामायिक मानक) प्रमाणित असल्यास विंडोज स्वतःच्या आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) ड्रायव्हरने छपाई करते. स्कॅनिंगसाठी व्ह्यूस्कॅन हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो, कारण त्यात अनेक जुन्या स्कॅनरांचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत. मात्र तो विकत घेण्यापूर्वी चाचणी आवृत्तीत आपल्या मॉडेलवर एक पान स्कॅन करून पाहावे.