काय खेळावं सुचत नसेल, तर बिनकामाची सोंगटी शोधा

बुद्धिबळाचा डाव मध्यावर येतो, थेट मारामारी काही दिसत नाही आणि हात उगाच एखाद्या प्याद्याकडे जातो. थांबा, प्याद्याला मागे येता येत नाही! त्यापेक्षा आपल्या सगळ्या सोंगट्यांवरून नजर फिरवा आणि बघा, यातली सगळ्यात कमी कामाची कोणती? तिलाच चांगल्या जागी न्या. सोव्हिएत खेळाडू आणि प्रशिक्षक व्लादिमीर माकोगोनोव्ह यांच्या नावाने हा सल्ला ओळखला जातो.

फ्रेंच बचावातला (पांढऱ्याच्या ई४ ला ई६ ने उत्तर देणारी सुरुवात) काळ्याचा सी८ या घरातला उंट घ्या. ई६ आणि डी५ वरची स्वतःचीच प्यादी त्याची वाट अडवून बसतात. म्हणायला तीन गुणांचा उंट (प्यादं एका गुणाचं), पण काम जेमतेम प्याद्याएवढं. म्हणून बरेच जाणकार संधी मिळताच प्यादं बी६ वर सरकवून उंटाला ए६ वर काढतात आणि पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी मारामारी करून मोकळे होतात. घोड्याचा हिशोब तर आणखी सरळ: कोपऱ्यात त्याला दोनच घरं, पटाच्या मध्यात आठ.

मात्र आधी समोरच्याची धमकी तपासा. वजीर मरत असताना घोडा सजवत बसण्यात काय अर्थ? आणि प्रतिस्पर्ध्याची अशी अडकलेली सोंगटी दिसली, तर ती उगाच मारून त्याची सुटका करू नका.