काच पुसायचा लांब पोल घेताना आणि वापरताना या चुका टाळा

दुकानात गेले, पोल उचलून पाहिला, "अरे हलका आहे भाऊ" म्हटलं आणि पैसे देऊन मोकळे. काच साफ करायच्या धंद्यात नवीन आलेले बहुतेक जण पोल असाच घेतात आणि पहिली चूक तिथंच होते, कारण दुकानात तो पोल बंद असतो, म्हणजे त्याच्या नळ्या एकात एक ढकललेल्या असतात. बंद पोलचं सगळं वजन तुमच्या मुठीजवळ असते, तेव्हा तो हलकाच वाटणार. खरा पोल कळतो तो पूर्ण उघडल्यावर, टोकाला पाण्यानं भिजलेला फर (काचेला साबणपाणी लावायचा केसाळ कपडा) लावल्यावर आणि तिरपा धरल्यावर. म्हणून दुकानदाराला सांगून फुटपाथवर या, पूर्ण उघडा, ओला फर सोबत घेऊन गेले असाल तर तो चढवा, आणि एक मिनिट तिरपा धरून उभे राहा. दुकानदार कुरकुर करते, करू द्या. त्या एका मिनिटात खांदा जे सांगते ते कोणत्याही डब्यावर लिहिलेलं नसते.

याच्यामागचा हिशोब सोपा आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. समजा तुमच्या दोन हातांत अर्ध्या मीटरचं अंतर आहे आणि वरच्या हातापासून टोक ५ मीटर लांब आहे. पोल आडवा असताना टोकाला फक्त १०० ग्रॅम वाढले तर खालच्या हाताला १ किलो जास्त जोर लावावा लागते. शंभर ग्रॅमचा एक किलो! आणि तोच पोल सरळ उभा असला तर हे १०० ग्रॅम जाणवतही नाहीत. म्हणजे पोलचं एकूण वजन किती यापेक्षा टोकाला काय टांगलं आहे आणि पोल किती कलला आहे हे जास्त महत्त्वाचं. लोकं कार्बनचा महागडा पोल घेतात आणि त्याच्या टोकाला पितळी हँडलची जड स्क्विजी (पाणी ओढून काढायची रबराची पट्टी), मोठा लोखंडी अँगल (टोकाला वळण देणारा जोड) आणि पाणी गळणारा जाड फर लावतात, मग म्हणतात पोल जड आहे. आधी टोक हलकं करा. फर बादलीतून काढला की पिळा, टपकणारं पाणी काचेच्या काही कामाचं नसते, ते खाली शटरवर आणि तुमच्या बाहीतच येते.

आता मटेरियल. अॅल्युमिनियमची घनता २.७, फायबरग्लासची साधारण २ च्या आसपास आणि कार्बनची १.६ च्या आसपास, पण नुसत्या या आकड्यांवर जाऊ नका. फायबरग्लास अॅल्युमिनियमपेक्षा बराच जास्त लवचिक असते, म्हणून त्याची नळी जाड ठेवावी लागते आणि हातात येईपर्यंत तो फायदा बराचसा संपून जातो. कार्बन हलकाही असते आणि ताठही असते, म्हणून तो महाग. पण कार्बनला मार सहन होत नाही. अॅल्युमिनियमचा पोल पडला तर पोचा येते, डोळ्याला दिसते. कार्बनची नळी शटरच्या कडेवर किंवा एसीपीच्या (दर्शनी भिंतीला लावतात त्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या) धारेवर आपटली तर आतून तडकते, बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, आणि चार दिवसांनी वर असतानाच मोडते. अशा ठिकाणी नळीवर नखानं टकटक करत जा, चांगल्या भागाचा आवाज टणक येतो आणि तडकलेल्या भागाचा बद्द.

आपल्या नागपुरात धरमपेठेत किंवा सदरला तळमजला अधिक एक मजला अशी शोरूम आणि क्लिनिक करत असाल तर चांगला अॅल्युमिनियमचा पोल पुरते, कर्ज काढून कार्बन घेऊ नका. वर्धा रोडकडच्या उंच काचा रोज करायच्या असतील तर मात्र तिथं कार्बनचे पैसे खांदा वाचवून परत मिळतात. अजून एक, नुसता काळा रंग म्हणजे कार्बन नाही. काही पोल फायबर आणि कार्बन मिसळून केलेले असतात, ते वाईट नाहीत, पण किमतीच्या आधी किती टक्के कार्बन हे विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर पोल उघडून हलवून पाहा.

लांबीची चूक

"सगळ्यात लांब देऊन द्या, पुढं कामी येईल." नाही येत. पोलच्या टोकाला वजन असताना लांबी दुप्पट केली तर वाक दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून ३ मीटरला जो पोल काठीसारखा वाटते तोच ६ मीटरला मासे धरायच्या गळासारखा हलते आणि स्क्विजी काचेवर उड्या मारते. आणि काच ६ मीटरवर संपत असली तरी पोल ६ मीटरचा लागत नाही, कारण तुमचा हात जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर असतो, थोडा कल धरूनही ५ मीटरमध्ये काम होते. एकच मोठा घेण्यापेक्षा एक छोटा दोन भागांचा आणि एक मधला असे दोन ठेवा, दिवसातलं बरंचसं काम छोट्यावरच होते हे महिनाभरात दिसेल. भाग वेगळे होणारा पोल असेल तर खालचे न लागणारे भाग काढून ठेवा, बंद करून सोबत हलवत बसू नका.

आणि शेवटचे दहा-पंधरा सेंटीमीटर मिळावे म्हणून नळी खुणेच्या पुढं ओढू नका. आतला भाग बाहेरच्या भागात किमान वीतभर राहिलाच पाहिजे, नाहीतर सगळा जोर त्या एका कडेवर येते आणि नळी तिथंच फाटते. वीतभर कमी पडून राहिलं असेल तर अँगल बदला, नाहीतर मोठा पोल आणा.

लॉक सरकते, काय करावं

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही यावरच. लॉक सरकायला लागला की पोरं पान्हा लावून आवळतात. पिळायच्या लॉकमध्ये आत प्लास्टिकचा तुकडा फाकून नळीला धरतो, जास्त आवळला की तो चिरतो आणि मग कायमचा सरकतो. क्लॅम्पवाल्याचा (बाहेरून खटक्यानं आवळणाऱ्या लॉकचा) स्क्रू एलन कीनं (सहा कोनी चावीनं) जास्त आवळला तर कार्बनची नळी दबून चिरते. बहुतेक वेळा खरं कारण असते धूळ. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये काय उडते ते माहीतच आहे, ती बारीक माती ओल्या नळीला चिकटते, आत जाते, वाळते आणि पावडरसारखी मधे बसते. दुसरं कारण साबण, फरचं पाणी नळीवरून उतरते आणि लॉकमध्ये निसरडं होऊन बसते.

उपाय असा की पोल पूर्ण उघडून भाग वेगळे करा, साध्या पाण्यानं नळ्या आणि लॉक आतून धुवा, जुन्या टूथब्रशनं खाच साफ करा, कोरडं पुसा आणि मग क्लॅम्पचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसवा, बोटानं बंद करताना थोडा जोर लागला पाहिजे, तळहातानं ठोकावा लागू नये. एवढं करूनही सरकला तर आतला तुकडा झिजला आहे, तो सुटा मिळतो, बदलून टाका. नळीवर तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे, काहीही मारू नका. भाग मस्त सरकतात हे खरं, पण मग नको तेव्हाही सरकतात. एका मुलानं माझ्या पोलला खोबरेल तेल लावलं होतं, चांगल्या मनानं लावलं होतं बिचाऱ्यानं, आणि दुपारी वरचा भाग सटकन खाली आला आणि त्याचीच दोन बोटं चिमटली. नखं काळी पडली, पंधरा दिवस काम बंद. ते पाहिल्यापासून मी सगळ्यांना एक सवय लावली आहे, पोल खाली घेताना हात कधीही दोन भागांच्या जोडावर ठेवायचा नाही, जोडाच्या खाली एक वीत ठेवायचा.

तार

हे सगळ्यात शांतपणे वाचा. अॅल्युमिनियममधून वीज जाते हे सगळ्यांना माहीत असते, कार्बनमधूनही जाते हे बऱ्याच जणांना माहीत नसते. फायबरग्लास कोरडा आणि स्वच्छ असेल तरच वीज अडवते, आणि आपलं काम पाण्याचं आहे, वरून साबणाचं पाणी उतरत असताना कोणताच पोल सुरक्षित नाही.

महाल, इतवारीच्या जुन्या गल्ल्यांमध्ये गॅलरी आणि तारा किती जवळ असतात पाहा. नियमानं ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन इमारतीपासून आडव्या अंतरानं १.२ मीटर दूर पाहिजे, ३३ केव्हीची २ मीटर. म्हणजे नियम पाळलेला असला तरी तुमचा ५ मीटरचा पोल काचेवरून जरा मागं कलला की तारेत. आणि धोका काच पुसताना कमी आणि पोल उभा करताना, फिरवताना जास्त असते, कारण पुसताना नजर वर असते आणि वळताना बादलीवर. म्हणून काम सुरू करायच्या आधी हातात काही न घेता बिल्डिंगच्या चारी बाजूंनी एक चक्कर मारा, तारा कुठून येतात, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) कुठं आहे, पोल कुठं उभा करायचा आणि कोणत्या बाजूला झोपवायचा ते ठरवा. तार पोलच्या पोहोचेत येत असेल तर ती बाजू पोलनं करायचीच नाही, मालकाला महावितरणकडून लाइन बंद करून घ्यायला सांगा, नाहीतर ती काच आतून करा किंवा सोडून द्या. एका काचेचे पैसे कमी घ्या.

आणि संक्रांतीच्या दिवसांत तर ठरलेलंच असते, नागपूरभर पतंगा, आणि काम चालू असताना कोणीतरी लेकरू नाहीतर काकू येऊन म्हणतातच, "भाऊ, पोल आहेच ना तुमच्याकडे, ते तारेवरची पतंग काढून द्या ना." कितीही गोड बोलले तरी नाही म्हणायचं. लेकरू रडलं तर त्याला दहा रुपयांची नवीन पतंग घेऊन द्या, मी देतो.

ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा काळा कार्बन आणि अॅल्युमिनियम दोन्ही हातात धरवत नाहीत, लोकं मग ओलं फडकं गुंडाळून धरतात आणि पकड निसटते. पातळ रबर लावलेले हातमोजे घाला. बंद गाडीत काचेखाली पोल ठेवू नका, प्लास्टिकचे क्लॅम्प आणि जोडावरचा डिंक नरम पडते. फायबरग्लासला तर ऊन वर्षभर खाते, वरचा थर उडाला की बारीक कुसं वर येतात आणि तळहातात शिरतात, दिसत नाहीत आणि रात्री खाजवतात. तसं दिसायला लागलं की नळी पुसून वॅक्सचा हात द्या आणि हातमोजे घाला.

उन्हात दुसरीही अडचण येते आणि लोकं तिचं खापर पोलवर फोडतात. "पोलनं केलं की पट्टे राहतात." पट्टे पोलमुळे नाही, काच तापलेली असते म्हणून राहतात, तुम्ही फर फिरवून स्क्विजी चढवेपर्यंत पाणी वाळलेलं असते. सकाळी ६ ला सुरू करा, पूर्वेची बाजू आधी, ९ नंतर सावलीतली. उन्हाळ्यात स्क्विजीला कडक रबर लावा, नरम रबर तापलं की काचेला चिकटून थरथरते. त्यातही बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग पडणारच, आणि ज्या खिडकीखाली उन्हाळाभर कूलर चालला तिथं तर क्षाराचा थर बसलेलाच असते, तो साध्या फरनं निघत नाही. पोल दाबून दाबून घासू नका, दाबानं पोल वाकते, डाग तसाच राहते. ती काच शिडीवरून नाहीतर आतून, हातानं करावी लागते आणि तसं मालकाला आधीच सांगावं. ब्रशमधून पाणी सोडणारा पोल वापरत असाल तर पाणी शुद्ध करूनच सोडा, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र) १० च्या खाली, कारण त्यात काच पुसायची नसते, तशीच वाळू द्यायची असते.

स्क्विजीच्या मधेच पट्टा सुटत असेल आणि ऊन नसेल तर अँगल पाहा. पोल जसजसा खाली येतो तसा त्याचा काचेशी कोन बदलते, हँडल ताठ असेल तर वर रबर बरोबर टेकते आणि खाली उचलले जाते. टोकाला वळणारा अँगल लावा, किंवा ओढता ओढता दोन पावलं मागं सरका. पावलं हलवत नाहीत लोकं, हीच गोष्ट आहे, एका जागी खिळल्यासारखे उभे राहतात आणि हातानं सगळं करायला पाहतात. भिंतीच्या अगदी खाली उभं राहून मान मागं टाकून काम केलं तर संध्याकाळी मान वळत नाही. थोडं लांब उभे राहा, वरच्या हातानं फक्त दिशा द्या, ओढायचं काम खालच्या हातानं आणि पायानं करा, आणि दर काही काचांनंतर हात बदला.

टोकाची पकड एकदा तपासा. काही पोलच्या टोकाला शंकूसारखा निमुळता तुकडा असतो, काहींना आटे, आणि स्क्विजी दुसऱ्या कंपनीची असली की ती बसल्यासारखी वाटते पण खटका लागलेला नसते. प्रत्येक वेळी जोरात ओढून पाहा. सीताबर्डीच्या फुटपाथवर वरून स्क्विजी पडली तर खाली माणूस असतोच, त्यामुळे एक पातळ दोरी स्क्विजीला आणि पोलला बांधून ठेवा आणि खाली रस्त्यावर ठेवतात तसे दोन प्लास्टिकचे कोन उभे करा.

गाडीवर नेताना पोल पायाजवळून तिरपा बाहेर काढून नेतात, सिग्नलला वळताना तो मागच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. पूर्ण बंद करा, नळ्या सुटू नये म्हणून लॉकवर रबरबँड, टोकाला लाल फडकं, आणि लांब असेल तर सरळ ऑटो करा.

रात्री घरी आल्यावर पोल उघडून आतलं पाणी काढा आणि आडवा, सावलीत ठेवा, उभा टेकवून ठेवला तर घसरून पडते. तडकलेला भाग टेप मारून परत वर चढवू नका. तो कापायचा असेल तर नळी ओली करून, तोंडाला मास्क लावून कापा, कार्बन आणि फायबरची धूळ छातीत जायला नको, आणि उरलेला चांगला तुकडा घरातल्या पंख्यावरची धूळ काढायला ठेवून द्या.