स्विचचा स्टॅक लावताना या चुका टाळा

धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात जिनिंगपासून कॉलेजपर्यंत मी सिस्को कॅटॅलिस्टचे स्टॅक लावत आलो आहे. स्विच म्हणजे संगणकांना नेटवर्कने जोडणारी पेटी, आणि स्टॅक म्हणजे खास केबलने जोडून एकच स्विच असल्यासारखे चालणारे अनेक स्विच. ‘नेटवर्क बसलं’ म्हणून बोलावणं येतं, तेव्हा बहुतेक वेळा स्विच धडधाकट असतो. लावणाऱ्याची घाई नडलेली असते.

चालू स्टॅकला चालू स्विच जोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॅटॅलिस्ट ३७५० मॉडेलचा तीन स्विचचा स्टॅक होता. पोर्ट कमी पडले, म्हणून दुसऱ्या युनिटमधला जुना स्विच आणला. मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये होतो. तेवढ्यात सोबतच्या पोराने तो स्विच चालू करून स्टॅक केबल खोचली. काट्याचा संगणक मेला, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. वर धावलो तर तिन्ही स्विच रीलोड, म्हणजे पुन्हा सुरू, होत होते. पोरगा घाबरून म्हणाला, “भाऊ, आते काय करानं?”

झालं असं, की जुन्या स्विचची प्रायॉरिटी १५ होती आणि आमच्या मास्टरची, म्हणजे स्टॅक चालवणाऱ्या मुख्य स्विचची, डिफॉल्ट १. दोन चालू मास्टर समोरासमोर आले की मोठ्या प्रायॉरिटीवाला जिंकतो. हरलेल्या बाजूचे स्विच रीलोड होतात आणि जिंकलेल्याचं कॉन्फिगरेशन घेतात. आमचे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) गेले, दुसऱ्या युनिटचे आले. लॅपटॉपवर दोन महिन्यांपूर्वीचा बॅकअप होता, बाकीचं वहीतून भरलं. उठलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

तेव्हापासून नवा-जुना कुठलाही स्विच मी आधी टेबलावर एकटा चालवतो. राइट इरेज कमांडने कॉन्फिगरेशन पुसतो, व्हीलॅन डॉट डॅट ही व्हीलॅनची फाइल उडवतो. एवढ्यावर थांबू नका: मेंबर नंबर (स्टॅकमधला त्या स्विचचा क्रमांक) आणि प्रायॉरिटी राइट इरेजने जात नाहीत. ‘शो स्विच’ बघून त्या हाताने बदला. आयओएसचं, म्हणजे स्विचच्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन आणि लायसन्स स्टॅकशी जुळवा, नाहीतर तो मेंबर मिसमॅच दाखवत नुसता बसून राहतो. मग त्याची वीज पूर्ण बंद, नंतर केबल, सगळ्यात शेवटी वीज. स्टॅक केबलच्या रिंगमधली केबल एका वेळी एकच काढा. स्टॅकचं चालू कॉन्फिगरेशन त्याच सकाळी लॅपटॉपवर घ्या.

प्रायॉरिटी माझ्याकडे ठरलेली: मास्टर १५, त्याच्या जागी येणारा १४, बाकी १. ती बदलली म्हणून मास्टर लगेच बदलत नाही, स्टॅक पुढच्या वेळी मास्टर निवडेल तेव्हा लागू होते. पोरं लगेच ‘कमांड चालली नाही’ म्हणत रीलोड मारतात, तेही भरदिवसा.

रिंग अर्धवट सोडणं

तीन स्विच असतील तर १ ते २, २ ते ३ आणि ३ ते परत १. ही शेवटची केबल वरून खालपर्यंत जाते, अर्ध्या मीटरची पुरत नाही. खरेदीच्या वेळीच रॅक मोजून १ किंवा ३ मीटरची मागवा. ‘तिच्याविना चालतंय ना’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. उघड्या रिंगला बँडविड्थ निम्मी मिळते. त्यातली एक केबल सैल झाली की स्टॅकचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सांगतात. कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळा, मग ‘शो स्विच स्टॅक पोर्ट्स’ बघा.

बाकीच्या

दोन्ही अपलिंक, म्हणजे पुढच्या मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या केबल, एकाच मेंबरवर घेऊ नका. एक मेंबर १ वर, एक मेंबर ३ वर, आणि वर एलएसीपी, म्हणजे दोन्ही लिंक एक करून चालवणारा प्रोटोकॉल.

मेंबर नंबर पोर्टच्या नावात येतो (गिगाबिट २/०/१४), म्हणून स्विचच्या पुढच्या पट्टीवर तो मार्करने लिहा.

सगळे स्विच जवळजवळ एकाच वेळी चालू करा. रेंगाळलात तर मास्टर भलताच निवडला जातो.

दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर टाकू नका.

आणि आपल्याकडचा मे महिना विसरू नका. कॅटॅलिस्ट ९३०० मालिकेची मर्यादा ४५ अंश आहे, आणि जळगाव-भुसावळात बाहेरच तेवढं तापतं. पत्र्याच्या खोलीतल्या बंद रॅकमध्ये काय होत असेल ते हात लावून बघा. जिनिंगमध्ये पंख्याच्या जाळीवर रुईचा पांढरा थर बसतो, नखाने सोलून निघेल एवढा. हंगामात दर पंधरा दिवसांनी मी तो मऊ ब्रशने काढतो आणि त्याच फेरीत ‘शो एन्व्हायर्नमेंट’ चालवून तापमान वहीत लिहितो.