गावच्या बेसबॉल क्लबचा सत्कार अन् जेवणाचा कार्यक्रम कसा ठेवायचा
राजेहो, पहिले तारीख पक्की करा, कापूस वेचणी आटोपल्यावर पण ऊन तापायच्या आधी, नाहीतर अर्धी टीम वावरातच राहते. जेवणाला रोडगे अन् वांग्याची भाजी, बस.

खरं काम हॉल ऑफ फेमचं, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या मानाच्या यादीचं, तिथं ओळखीपाळखी चालू देऊ नका. अमेरिकेत कूपर्सटाउन गावी बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, तिथं पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात अन् खेळाडू रिटायर होऊन 5 वर्षं झालेली पाहिजे, आपणही तसंच करा, चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान घ्या. तिकडे 1936 च्या पहिल्या मतदानात बेब रूथ हा गाजलेला खेळाडू धरून फक्त 5 जण निवडले गेले, म्हणून नावांची गर्दी नको.

अन् मैदान आखणारा, स्कोअर लिहिणारा यांचा सत्कार आधी, शाल-श्रीफळ देताना त्यांनी काय केलं ते माइकवर सांगाच.